किती सोमवार? टी-शर्टवरच्या एका गाजलेल्या पेपरबद्दल

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी संशोधन पद्धतीच्या वर्गात प्रत्येकाने आपल्या विषयाबाहेरचा एक पेपर सादर करायचा होता. मी मातीतल्या जिवाणूंवर काम करते, त्यामुळे माणसांवरचा कुठलाही पेपर चालला असता. मी रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा १९७६ चा पेपर उचलला, कारण तो सोपा वाटला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव असलेले टी-शर्ट जास्त दिसतात, संपलं. वीस मिनिटं छान बोलले, दोन विनोदही जमले. मग मागच्या रांगेतून प्रश्न आला : "एकूण किती सोमवार होते?"

मला सांगता आलं नाही. खरं कारण असं की मी गोषवारा वाचला होता आणि एका पाठ्यपुस्तकातला त्याच्यावरचा परिच्छेद वाचला होता. पेपर डाउनलोड केला होता, इतकंच. त्यानंतर तो मी चार-पाच वेळा वाचलाय, आणि १९७३ च्या फुटबॉल मोसमाचे निकाल शेजारी ठेवूनही वाचलाय. तुमच्यातले बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय, काही जण प्रस्ताव लिहिताय. हा पेपर तुम्हाला कुठे ना कुठे भेटणार, आणि तुम्हीही कंसात "चाल्डिनी, १९७६" लिहून पुढे जाणार. तेवढ्यासाठी हे लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण अमेरिकेतलं विद्यापीठाचं पहिलं सत्र हा काय प्रकार असतो हे इकडे न राहिलेल्या माणसाला पटकन कळत नाही. ऑगस्टच्या अखेरीला सत्र सुरू होतं, डिसेंबरात संपतं, आणि मधल्या जवळपास प्रत्येक शनिवारी फुटबॉलचा सामना असतो (त्यांचा फुटबॉल, हाताने खेळायचा). हे विद्यार्थ्यांचे संघ आहेत, पण मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखाच्या वर माणसं बसतात. शुक्रवारी मोर्चासारखा बँड निघतो, सभा भरते, आरोळ्या होतात. सामन्याच्या सकाळी पार्किंगमध्ये गाड्यांची मागची दारं उघडून लोक मटण-मक्याची कणसं भाजत बसतात. कुणी वाघाचा, कुणी अस्वलाचा मुखवटा घालून फिरतं. साधारण ऑक्टोबरात 'होमकमिंग' येतं : माजी विद्यार्थी परत येतात, मिरवणूक निघते, राजा-राणी निवडतात. ही प्रथा आपणच सुरू केली असा बेलर १९०९ च्या, इलिनॉय १९१० च्या आणि मिसुरी १९११ च्या सोहळ्याच्या जोरावर दावा करतात. या सगळ्याला मिळून 'स्कूल स्पिरिट' म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. 'कॉलेजचा अभिमान' म्हटलं तर फार गंभीर होतं, 'जोश' म्हटलं तर फार हलकं.

हे 'स्पिरिट' मोजायचं कसं? प्रश्नावली दिली तर सगळेच "हो, मला खूप अभिमान आहे" असं लिहिणार. चाल्डिनींच्या गटाने इथे जे केलं ते मला अजूनही आवडतं. त्यांनी कुणाला काही विचारलंच नाही. सात विद्यापीठांत, १९७३ च्या मोसमात, प्राथमिक मानसशास्त्राच्या वर्गात सोमवारी गुपचूप मोजलं : हजर किती, आणि त्यातल्या किती जणांच्या अंगावर विद्यापीठाचं नाव, चिन्ह, संघाचं टोपणनाव किंवा मुखवट्याचा प्राणी आहे. ही विद्यापीठं म्हणजे ॲरिझोना स्टेट, लुइझियाना स्टेट, ओहायो स्टेट, नोटर डेम, मिशिगन, पिट्सबर्ग आणि सदर्न कॅलिफोर्निया. निष्कर्ष : संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी असे कपडे जास्त. याला त्यांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ दुसऱ्याच्या तेजात स्वतःला शेकून घेणं. मैदानात आपण चेंडूला हात लावलेला नाही, पण मिरवतो मात्र आपण.

हा झाला पहिला अभ्यास. पेपरात तीन आहेत, आणि पाठ्यपुस्तकात फोटो छापल्यासारखा येतो तो हा पहिलाच. माझी तक्रार त्याच्याबद्दलच आहे.

पेपरात तुलना 'विजय' आणि 'पराभव' अशी नाही, 'विजय' आणि 'नॉनविन' म्हणजे 'न जिंकणं' अशी आहे. हा विचित्र शब्द का वापरला असेल, असं मी पहिल्या वाचनात मनातही आणलं नाही. उत्तर सोपं आहे : बरोबरी. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये सामने बरोबरीत सुटायचे. आता त्या मोसमाचे निकाल बघा. ते कुठेही मिळतात, त्यासाठी ग्रंथालयातही जावं लागत नाही.

नोटर डेम १९७३ साली एकही सामना हरलं नाही, एकही बरोबरीत सोडवला नाही. म्हणजे तिथे 'न जिंकल्यानंतरचा सोमवार' नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती. यादीत नावं सात, पण तुलना करण्याजोगी विद्यापीठं उरली सहा.

मिशिगन आणि ओहायो स्टेट, दोघांचाही मोसम सारखा : दहा विजय, एक बरोबरी. आणि ती बरोबरी कुणाशी? एकमेकांशीच. २४ नोव्हेंबर १९७३, ॲन आर्बरचं मैदान, १०–१०. म्हणजे या दोन विद्यापीठांत 'न जिंकलेला' सोमवार प्रत्येकी एक, आणि तो एकच : २६ नोव्हेंबर. त्या दिवशी मोजमाप झालं नसेल तर त्यांच्याकडेही तुलना नाही. झालं असेल तर सगळी तुलना त्या एका सकाळवर उभी आहे.

आता त्या सकाळी काय होतं? गुरुवारी २२ तारखेला थँक्सगिव्हिंग होतं. इकडची ही सर्वांत मोठी घरी जायची सुट्टी, आपल्याकडे दिवाळीला होस्टेल रिकामं होतं तसं. म्हणजे २६ चा सोमवार हा सुट्टीनंतरचा पहिला दिवस. आईने धुऊन इस्त्री केलेले कपडे, घरून आणलेले नवे स्वेटर, आणि वर्गात अर्धी बाकं रिकामी. जे अजून घरून परतले नाहीत ते कोण? टी-शर्टवाले की बिगर-टी-शर्टवाले? हजेरीशी ज्याचा संबंध असू शकतो असं काहीही मोजताना आपण भाजक बदलत असतो, हे मातीचे नमुने गोळा करणाऱ्यालाही कळतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. तेव्हाच्या नियमाप्रमाणे 'बिग टेन' गटातून एकाच संघाला वर्षअखेरच्या मोठ्या सामन्यात, रोझ बोलमध्ये, जायला मिळायचं. बरोबरी झाल्यामुळे कुणाला पाठवायचं हे गटातल्या विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मत देऊन ठरवलं. मत झालं रविवारी २५ तारखेला, आणि कौल ओहायो स्टेटच्या बाजूने गेला. मिशिगन अख्ख्या मोसमात एकदाही न हरता घरी बसलं. म्हणजे सोमवारी सकाळी मिशिगनच्या वर्गात लुबाडले गेल्याची भावना, आणि ओहायोच्या वर्गात रोझ बोलची तिकिटं कशी मिळवायची याची चर्चा. एकाच निकालाला दोन्हीकडे 'न जिंकणं' असा एकच शिक्का. फुटबॉलच्या भाषेत तो बरोबर आहे. पण पेपर ज्या गोष्टीबद्दल बोलतोय, म्हणजे तेज आणि त्यात शेकून घेणं, तिच्या भाषेत एका विद्यापीठाला ते तेज मिळालं होतं आणि दुसऱ्याचं काढून घेतलं गेलं होतं.

लुइझियाना स्टेटचंही बघा. पहिले नऊ सामने सलग जिंकले. पहिला पराभव २२ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी, अलाबामाकडून. दुसरा १ डिसेंबरला ट्युलेनकडून. ॲरिझोना स्टेट अख्ख्या मोसमात एकदाच हरलं. सदर्न कॅलिफोर्नियाचा नियमित मोसमात एक पराभव आणि एक बरोबरी. हार आणि जीत खऱ्या अर्थाने मिसळलेली होती ती फक्त पिट्सबर्गला, आणि त्यांचा संघ तेव्हा नव्याने उभा राहत होता.

थोडक्यात, सातांपैकी तीन ठिकाणी 'न जिंकणं' आणि 'सत्राचा शेवट' हे दोन्ही एकत्र बांधलेले आहेत. सप्टेंबरात विजय, नोव्हेंबरच्या अखेरीला बरोबरी किंवा हार. या तीन महिन्यांत आणखी काय काय बदलतं? मिशिगनमध्ये उकाड्यापासून बर्फापर्यंत हवा बदलते, म्हणजे टी-शर्टवर जाकीट चढतं. नव्याने आलेल्या मुलांचा नवेपणा ओसरतो. (प्राथमिक मानसशास्त्राचा वर्ग म्हणजे बहुतेक पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं. विद्यापीठाच्या दुकानातून पहिल्याच आठवड्यात चार टी-शर्ट घेणारी ती हीच.) परीक्षा जवळ येते, आणि कपडे धुवायला वेळ मिळत नाही. हा शेवटचा मुद्दा मी स्वानुभवावरून सांगतेय, त्याला पुरावा नाही. पण जिथे 'न जिंकलेला' सोमवार एकच आहे तिथे विजयाचा परिणाम आणि महिन्याचा परिणाम वेगळा काढायची कुठलीही संख्याशास्त्रीय युक्ती नाही. नमुना वाढवूनही नाही. त्या वर्गात दोनशे मुलं होती की दोन हजार, सोमवार एकच.

माझ्या वर्गातल्या त्या प्रश्नाचा रोख हाच होता. विद्यार्थी किती मोजले हे विचारलंच नव्हतं. एकक कोणतं, हा प्रश्न होता. एकाच वर्गातली दोनशे मुलं म्हणजे दोनशे स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. त्यांच्यावर निकाल एकच पडलाय, हवा एकच पडलीय, आणि शेजारणीने काय घातलंय हेही ती बघतात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण एका पातेल्यातली दोनशे शितं तपासून सात पातेल्यांबद्दल बोलता येत नाही. इथे एकक विद्यापीठ धरलं तर सहा. सहा नाणी उडवून सहाही छाप यायची शक्यता ६४ मध्ये १. सहापैकी किमान पाच छाप यायची शक्यता ६४ मध्ये ७, म्हणजे जवळपास ११ टक्के. एक विद्यापीठ उलटं गेलं की गोष्ट 'ठाम' वरून 'असेलही' वर येते. त्यातही मिशिगन आणि ओहायो ही दोन वेगळी नाणी आहेत का, हे तुम्हीच ठरवा.

होमकमिंगचाही इथे संबंध येतो. सोहळा फिका पडू नये म्हणून होमकमिंगला जमेल तर हरवता येण्याजोगा प्रतिस्पर्धी निवडायचा, ही अमेरिकन विद्यापीठांतली जुनी आणि उघड रीत आहे. आणि सामना अर्थातच घरच्या मैदानावर. त्या आठवड्यात टी-शर्ट तसेही वाढणार : दुकानात सवलत, वसतिगृहांची सजावटीची स्पर्धा, 'आज सगळ्यांनी अमुक रंग घाला' असे फलक. म्हणजे सोहळ्यामुळे कपडे आणि सोहळ्यामुळेच (निवडलेल्या प्रतिस्पर्ध्यामुळे) विजय. मग सोमवारी टी-शर्ट दिसले तर श्रेय कुणाचं, शनिवारच्या निकालाचं की आठवडाभराच्या मिरवणुकीचं?

यावर कुणी म्हणेल, मग पेपर टाकाऊ आहे का? अजिबात नाही, आणि ही चूक आपल्याकडे फार होते. पेपरात एक भोक दिसलं की आपण ते सेमिनारमध्ये बोट घालून मोठं करतो आणि खाली बसतो. पूर्ण वाचलं तर दिसतं की लेखकांना पहिल्या अभ्यासाची मर्यादा ठाऊक होती. म्हणून तर पुढचे दोन केले.

दुसरा अभ्यास फोनवर झाला. एका मोठ्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना फोन करून विद्यापीठातल्या गोष्टींवर काही प्रश्न विचारले. उत्तरं कशीही असोत, चिठ्ठी टाकल्यासारखं काहींना सांगितलं की तुम्ही छान केलंत आणि काहींना सांगितलं की तुमचं फारच कमी आलं. मग सहज विचारल्यासारखं : अमुक सामन्याचं काय झालं? काहींना जिंकलेल्या सामन्याबद्दल विचारलं, काहींना न जिंकलेल्या. आणि मोजलं एवढंच, की उत्तरात 'वुई' आलं का. आम्ही जिंकलो, की ते जिंकले.

ज्यांना 'छान केलंत' सांगितलं होतं त्यांच्यात फरक जवळपास नाहीच : जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना २४ टक्के, न जिंकलेल्याबद्दल २२ टक्के. ज्यांना 'कमी आलं' सांगितलं होतं त्यांच्यात ४० टक्के आणि १४ टक्के. प्रत्येक चौकोनात चाळिसाच्या आसपास माणसं, म्हणजे सगळा फरक दहा-अकरा जणांच्या तोंडून आलेल्या एका सर्वनामाचा. आकडा लहानच आहे, आणि आज कुणी असा अभ्यास करायला निघालं तर सँपल वाढव असंच मी सांगेन. पण रचना बघा. कुणाला पास म्हणायचं आणि कुणाला नापास, हे संशोधकाने ठरवलंय. थँक्सगिव्हिंग इथे दोन्ही गटांवर सारखंच पडलंय, हवा सारखीच पडलीय. कट्टर चाहते आणि फुटबॉलचा तिटकारा असलेले दोन्हीकडे सारखेच वाटले गेलेत. म्हणून इथे 'मुळे' हा शब्द वापरता येतो. पहिल्या अभ्यासात येत नाही. तिथे 'बरोबर' म्हणावं लागतं.

आणि निष्कर्षही जास्त खोल आहे. लोक विजयाला चिकटतात एवढंच तो सांगत नाही. नुकताच अपमान झालेला माणूस चिकटतो, हे सांगतो. ज्याचं स्वतःचं बरं चाललंय त्याला शनिवारच्या निकालाची गरज नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थोडी अस्वस्थ झाले, कारण माझं विद्यापीठाचं स्वेटशर्ट मी ज्या आठवड्यात विकत घेतलं त्या आठवड्यात माझा एक मसुदा परत आला होता. योगायोग असेल. एक सोमवार!

तिसऱ्या अभ्यासात फोन करणारा कधी विद्यापीठातलाच होता, कधी दुसऱ्या राज्यातल्या संस्थेचा. प्रत्येकाला एक विजय आणि एक पराभव, दोन्हींबद्दल बोलायला लावलं. विजयाला 'आम्ही' आणि पराभवाला 'ते' हा प्रकार बाहेरच्या माणसाशी बोलताना जास्त दिसला. तर्क सरळ आहे. विद्यापीठातल्याच माणसापुढे विद्यापीठ मिरवण्यात काय अर्थ? त्याच्याकडेही तेच आहे.

तर पेपराचा कणा दुसऱ्या-तिसऱ्या अभ्यासात आहे, आणि प्रसिद्धी मिळाली टी-शर्टला. कारण टी-शर्ट डोळ्यांपुढे उभा राहतो. सर्वनाम राहत नाही. चाल्डिनींचं पुढचं लोकप्रिय लेखन आणि शेकडो पाठ्यपुस्तकं यांतून ही गोष्ट इतकी फिरली की आता ती सांगायला पेपर लागतच नाही. मी तेच केलं होतं.

यापुढे मात्र माझा एक आक्षेप तिन्ही अभ्यासांवर आहे, आणि तो संख्यांचा नाही. तिन्ही अभ्यास निकालानंतर मोजतात. पण या सत्रातले जवळजवळ सगळे सोहळे निकालाच्या आधीचे असतात. बँड शुक्रवारी निघतो. कणसं सकाळी भाजतात. टेक्सास ए अँड एमची मुलं टेक्सास विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी पेटवायला ओंडक्यांची प्रचंड होळी आठवडे खपून रचायची. सामना कसा जाईल हे कुणालाच माहीत नसताना, आणि बरीच वर्षं तो हरूनही. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे ती रास कोसळली आणि बारा जण गेले. त्या मुलांना तिथे काय घेऊन गेलं होतं, हे सोमवारचे टी-शर्ट मोजून कळणार नाही. जिंकलेल्याला चिकटणं हा 'स्पिरिट'चा एक भाग आहे, आणि कदाचित सगळ्यात उथळ भाग. निकाल लागायच्या आधी एकत्र येण्याची सोय म्हणून हे सोहळे आहेत, असं मला इथे चार सत्रं काढल्यावर वाटतं. डॅनियल वॅन आणि नायला ब्रॅन्सकोम्ब यांनी १९९० मध्ये दाखवलं की संघाशी मनाने घट्ट बांधलेले चाहते पराभवानंतर फारसे दूर सरकत नाहीत. सरकतात ते कडेचे. म्हणजे टी-शर्टांच्या संख्येतला चढउतार बहुतेक कडेच्या माणसांचा. मधले तसेच बसून असतात, आणि दोन सोमवारांची वजाबाकी केली की ते गळून जातात. उलट बाजूने, बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये फिलिप बोन आणि सहकाऱ्यांनी निवडणुकीनंतर घरांच्या खिडक्यांतली पोस्टरं मोजली (२००२ चा पेपर), आणि जिंकलेल्या पक्षांची पोस्टरं जास्त टिकून राहिली. कल्पना फुटबॉलबाहेरही चालते. तिथेही मोजणी न विचारता झाली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्याकडचं. हा अभ्यास मराठीत करायचा तर? पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडकाचा विचार करा. भरत नाट्य मंदिरात "आव्वाज कुणाचा!" ची आरोळी पडदा उघडायच्या आधी उठते, निकालाचा पत्ताही नसताना. निकालानंतर आठवड्याभरात वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुलांना फोन करायचे आणि चाल्डिनींसारखं सर्वनाम मोजायचं. सोपं वाटतं ना? मी एका मैत्रिणीबरोबर कागदावर करून बघितलं आणि दहा मिनिटांत अडकलो.

पहिली अडचण : आपण सर्वनाम बोलतच नाही. "जिंकलो ना!" संपलं वाक्य. इंग्रजीत 'वुई' शोधायचं असतं, इथे क्रियापदाचा शेवट तपासायचा. तरी 'जिंकलो' आणि 'जिंकले' यातून बरंच कळतं. पण "करंडक आणला", "करंडक घालवला" याचं काय करायचं? इथे क्रियापद करंडकाच्या मागे जातं. कुणी आणला आणि कुणी घालवला हे वाक्यात कुठेच नाही. बोलणाऱ्याने स्वतःला आत धरलंय की बाहेर ठेवलंय, कोडिंग करणारा सांगूच शकत नाही. आणि माझी शंका अशी की हरल्यानंतर माणसं नेमकी याच वाक्यरचनेत जाऊन लपतात. ही सगळी उत्तरं 'माहिती नाही' म्हणून गाळली तर परिणामच गाळल्यासारखा होईल.

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. इंग्रजीत 'वुई' एक, आपल्याकडे दोन. फोन करणारा त्याच कॉलेजचा असेल तर "आपण जिंकलो", बाहेरचा असेल तर "आम्ही जिंकलो". तिसऱ्या अभ्यासात चाल्डिनींना जो फरक फोन करणाऱ्याची ओळख बदलून शोधावा लागला, तो मराठीत व्याकरणातच बसलाय. आता 'आपण' आणि 'आम्ही' एकाच रकान्यात घातले तर मूळ अभ्यासाशी तुलना होते पण मराठीतली माहिती फेकली जाते. वेगळे ठेवले तर कॉलेजातल्या माणसापुढे 'आम्ही' म्हणणारा, म्हणजे समोरच्याला बाहेर ढकलून सगळं श्रेय स्वतःच्या कंपूकडे घेणारा, असा एक तिसराच प्राणी हाती लागतो. इंग्रजीत तो दिसूच शकत नाही. नाटकाच्या टीमचा उरलेल्या कॉलेजशी बोलण्याचा सूर ज्यांनी ऐकलाय त्यांना तो माहीत आहे.

सध्या आमच्या तक्त्यात पाच रकाने आहेत : आपण, आम्ही, ते, कॉलेजचं नाव, आणि कर्ताच नाही. मैत्रिणीचं म्हणणं शेवटच्या रकान्याचे दोन करावेत, कारण "करंडक घालवला" आणि "करंडक गेला" एक नव्हे. मला वाटतं तिचं बरोबर आहे. तुमच्यापैकी कुणी भाषाशास्त्रातलं असेल तर आधी याच्यावर बोलू, फोन नंतर करू. आणि हो, किती कॉलेजं आणि किती वर्षं, हे या वेळी मी आधीच वहीत लिहून ठेवलंय.